पत्र्याखालचं कपाट

सोमवार, ३ एप्रिल

आज दुपारी हिनं मला दंडाला धरून फ्रीजसमोरून बाजूला केलं. मी काही खात नव्हतो. दार उघडून नुसता उभा होतो. आयुष्यभर शीतगृहात नोकरी केलेल्या माणसाला एप्रिलच्या दुपारी जरा गारवा घ्यावासा वाटला तर त्यात एवढं काय बिघडलं? "अहो, दूध नासेल," म्हणाली. मग फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून मुलीशी कुजबुजत बसली. "नुसते बसून असतात गं... काहीतरी काम काढ..." एवढंच माझ्या कानावर आलं. कुणाबद्दल बोलत होती कोण जाणे.

संध्याकाळी मुलीचाच फोन. "बाबा, मला एक कपाट करून द्याल? महिनाअखेर नव्या घरात जातोय आम्ही."

ती शाळेत असताना मी तिला अभ्यासाचं टेबल करून दिलं होतं. ते डुगडुगतं असं सगळे म्हणायचे. टेबल डुगडुगत नव्हतं, फरशी वाकडी होती. पण त्यानंतर तिनं माझ्याकडे कधी एक पाटसुद्धा मागितला नाही. आणि आज आपणहून कपाट. मी विचारलं, मापं काय? म्हणाली, तुम्हीच ठरवा. कुठल्या भिंतीला ठेवणार? म्हणाली, ठेवू कुठेतरी. याला म्हणतात विश्वास.

हे कपाट असं झालं पाहिजे की दार एका बोटानं लागलं पाहिजे. नाहीतर तोंड दाखवायला जागा नाही.

बुधवार, ५ एप्रिल

मागच्या अंगणातली पत्र्याची शेड झाडून काढली. करवत, रंधा, गुण्या, सगळं लावून घेतलं. शीतगृहातून आठवण म्हणून आणलेला थर्मामीटर भिंतीला टांगला. गोल तबकडीचा आहे, आणि त्याच्यावर वीसच्या पुढे आकडेच नाहीत, कारण तिथे लागतच नसत. टांगल्या टांगल्या काटा वीसवर गेला आणि तिथल्या खिळ्याला टेकून बसला.

दुपारी पत्रा एवढा तापला की हातोडीची मूठ धरवेना. ही पाणी घेऊन आली, वर बघितलं आणि म्हणाली, "वरून पांढरा चुना मारून घ्या. माझ्या माहेरी गोठ्याला मारायचे."

मी म्हटलं, गोठा वेगळा आणि उष्णतारोधन वेगळं. शीतगृहाला कधी कुणी चुना मारलेला मी पाहिला नाही.

"तुम्ही तिथे हजेरी घेत होतात," असं म्हणून ती गेली. हजेरी घेत होतो हे खरं आहे. पण कुठे घेत होतो? आतच ना?

रविवार, ९ एप्रिल

कपाटाचा सांगाडा उभा राहिला. पाच फूट उंच, रुंदीला चांगला ऐसपैस. दोन दारं बनवून रात्री भिंतीला टेकवून ठेवली. सकाळी बघतो तर एक दार केळ्यासारखं वाकलेलं. उष्णतेनं. ही म्हणते लाकूड ओलं होतं, वखारवाल्यानं फसवलं. लाकूड मी स्वतः हात लावून घेतलं होतं.

म्हणजे आधी छप्पर, मग कपाट. उष्णता आत येतेच कशी ते बघतो.

शेजारच्या सल्लागाराला कळलं. या माणसानं आयुष्यात एक खिळा ठोकलेला नाही, पण कुंपणावरून सगळ्या आळीला सल्ले देतो, म्हणून सगळे त्याला सल्लागारच म्हणतात. म्हणाला, "मी काय म्हणतो, थर्माकोल. आतून चिकटवा. विषय संपला." प्रथमच तो काही शहाणपणाचं बोलला.

मंगळवार, ११ एप्रिल

पत्र्याला आतून थर्माकोलच्या पाट्या गोंदानं चिकटवल्या. अकरापर्यंत छान. बारा वाजता गोंद पातळ झाला. पहिली पाटी माझ्या चहात पडली. दुसरी डोक्यावर. मग एकामागून एक अशा निवांत उतरायला लागल्या, जणू कुणी त्यांना सुट्टी दिली होती.

संध्याकाळपर्यंत आडव्या रिपा ठोकून सगळ्या पाट्या पुन्हा वर दाबून बसवल्या. आता पडणार नाहीत. थर्माकोलचे दाणे मात्र सगळीकडे झालेत. जेवताना हिच्या ताटात तीन, माझ्या भुवईत किती ते मोजले नाहीत. ही ताट उचलून अंगणात पाय सोडून बसली.

शुक्रवार, १४ एप्रिल

फरक पडला नाही. काटा वीसवर.

सल्लागार म्हणाला, "मी काय म्हणतो, थर एकच आहे. थंडीत आपण एकच कपडा घालतो का?" मी विचारलं, मग थर्माकोल काढू का? "काढायचं कशाला? त्याच्याखाली दुसरा लावा."

हे मला पटलं. आमच्या घराण्यात लावलेलं काढत नाहीत. वडिलांनी भिंतीवरचं कॅलेंडर कधी काढलं नाही, जुन्यावर नवं टांगायचे. शेवटी शेवटी ते भिंतीपासून वीतभर पुढे आलं होतं. काढणं म्हणजे आपण चुकलो असं जगाला ओरडून सांगणं.

रंध्याचा आणि करवतीचा भुसा गोणपाटात भरून, शिवून, थर्माकोलच्या खाली टांगला. कमी पडला तो वखारीतून आणला. छप्पर जरा खाली आलंय. मी सरळ उभा राहू शकतो, टोपी घातली नाही तर.

शनिवार, १५ एप्रिल

छपरात उंदीर आलाय. म्हणजे आत गारवा आहे. प्राण्यांना आधी कळतं.

बुधवार, १९ एप्रिल

गोणपाटातून भुसा गळतो. दाराला पॉलिश लावलं की वरून भुरभुर. पॉलिश वाळल्यावर दार काचकागदासारखं खरखरीत लागतं. तिसरा थर आवश्यक.

माळ्यावर जुन्या कापसाच्या गाद्या होत्या. ही म्हणाली, "पाहुणे आले तर?" मी म्हटलं, पाहुण्यांना गारवा मिळेल. ती म्हणाली, "न्या. निदान दुपारी घरात नसता."

चार गाद्या छताला ठोकल्या. मोठ्या खिळ्यांनी, मध्ये बटणं असतात तसे पत्र्याचे बिल्ले घालून. दुपारी थकून जमिनीवर आडवा झालो. वर गादी, खाली मी. उलटं झालंय असं वाटलं खरं, पण झोप लागली.

जावयाचा फोन आला होता. सभ्य मुलगा आहे. मी विचारलं, कपाट कोणत्या भिंतीला येणार, म्हणजे दारं कुठल्या बाजूला उघडायची ते ठरवतो. तो म्हणाला, "भिंत? हो. भिंत आहे ना. तुम्ही तिलाच विचारा, बाबा." आणि त्याला खोकला लागला. उन्हाळ्यातला खोकला वाईट. त्याला मध घ्यायला सांगितलं.

शनिवार, २२ एप्रिल

आज मी हरलो होतो. लिहायला लाज वाटत नाही, वही माझीच आहे. काटा वीसवरून हलत नाही. सल्लागारसुद्धा आज कुंपणाशी आला नाही. मी शेडमध्ये स्टुलावर बसून राहिलो. वाटलं, टेबल खरंच डुगडुगत असेल. फरशी सरळच असेल. मग पोरीला सरळ सांगून टाकावं की बाई, दुकानातून आण.

ही चहा घेऊन आली. माझं तोंड बघितलं. आणि बाजारातून पालेभाजी आणायला मलाच पिटाळलं.

परत येऊन बघतो तर काटा बारावर!

बारा अंश. शीतगृहात बाराला आम्ही बटाटे ठेवायचो. मी घामानं निथळत होतो, पण काटा खोटं बोलत नाही. तबकडी हातात घेतली तर गार होती, अगदी गार, आणि काचेवर बारीक दव. एका बाजूला लोण्याचा डाग कुठून आला कळलं नाही. हिला ओरडून सांगितलं तर पदर तोंडाला लावून हसत होती. तिलाही आनंद झालेला दिसला.

थोड्या वेळानं काटा पुन्हा वीसवर गेला, पण ते दार उघडं राहिल्यामुळे. पद्धत बरोबर आहे हे सिद्ध झालं.

मंगळवार, २५ एप्रिल

नवी दारं बसवली. बिजागऱ्या बसवल्या. एक बोट लावलं. दार गेलं आणि 'टक्' करून लागलं. पुन्हा उघडलं, पुन्हा टक्. मी हे किती वेळ करत होतो माहीत नाही. ही म्हणाली, "लाकूड आता वाळलं म्हणायचं." मी म्हटलं, छपराची करामत. वाद घालायचा मूड नव्हता.

गाद्यांना पोट आलंय. भुशाचं वजन त्यांच्यावर उतरलंय. त्यांना खालून आधार म्हणून सल्लागारानं एक फ्लेक्स दिला. त्याच्या भाच्याचा दातांचा दवाखाना आहे, उद्घाटनाचा फ्लेक्स उरला होता. एक बाई हसतेय, दात हातभर रुंद. आता शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दात आहेत. खाली 'वेदना विसरा' असं लिहिलंय. काम करताना वर बघायचं नाही असं ठरवलंय.

आत येणारा प्रत्येक जण आता आपोआप वाकून येतो. बरं वाटतं.

शनिवार, २९ एप्रिल

उद्या मुलगी टेम्पो घेऊन येणार. आज शेवटचा पॉलिशचा हात मारला. कपाट आरशासारखं झालंय. बाजूला सरकवून बघावं म्हणून जोर लावला तर हलेना. पुन्हा लावला. वरून भुसा पडला आणि बाईच्या दातांची एक रांग खाली आली.

वेल्डरला बोलावलं. कोपऱ्यावरचा वेल्डर, फाटक-खिडक्या करतो. वाकून आत आला, वर बघितलं, दचकला, मग कपाटाच्या माथ्यावर हात फिरवला.

"हे कपाट नाहीये, काका. हा खांब आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं सगळं छत याच्यावर बसलंय. रिपांचे खिळे केव्हाच सुटलेत. हे काढलं की ते आलं."

आता झाली का पंचाईत? कपाट काढावं तर छप्पर पडतं, छप्पर राखावं तर कपाट निघत नाही. मी वेल्डरला विचारलं, दुसरा खांब? म्हणाला, सोमवारी. सोमवारी काय करायचाय? पोरगी उद्या येतेय.

हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "वरचं काढून टाका ना," म्हणाली. जणू सोपं आहे.

रविवार, ३० एप्रिल

सविस्तर लिहितो, कारण उद्या कुणी वेगळं सांगेल.

मुलगी आणि जावई सकाळीच आले, मागे टेम्पो. मी फाटकातच तिला गाठलं आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं. म्हटलं, कपाट झालंय, पण ते देता येत नाही. ते छप्पर धरून आहे. मी तुला दुसरं करून देतो, पुढच्या महिन्यात. बोलताना माझा आवाज जरा बसला होता, धुळीनं.

तिनं आईकडे बघितलं. आईनं अंगणाकडे बघितलं. जावयाला पुन्हा खोकला.

"बरं, बाबा," ती म्हणाली. "राहू दे मग. त्यात काय. बघू तर द्या."

वाकून आत गेली. दातांकडे बघून थांबली. मग कपाटाशी गेली. दारावरून हात फिरवला. आतले कप्पे बघितले, खालचा छोटा खण बघितला. तो मी शिसपेन्सिली ठेवण्यापुरता केलाय, कारण लहानपणी तिच्या पेन्सिली त्या टेबलावरून घरंगळायच्या. एका बोटानं दार लोटलं. टक्. पुन्हा उघडलं. टक्. बराच वेळ ती तेच करत राहिली. मी हिच्याकडे बघितलं तर ही डोळ्यातलं थर्माकोल काढत होती.

मुलगी वळली आणि म्हणाली, "बाबा, मला हे हवंय. आता खरंच हवंय."

मी म्हटलं, अगं पण छप्पर...

"छप्पर आपण धरू."

ती लहानपणापासून अशीच हट्टी आहे. तिनं वेल्डरला बोलावलं, सल्लागाराला कुंपणावरून उतरवलं. सगळ्यांना एकेका जागी उभं केलं. वेल्डर एका कोपऱ्यात दोन्ही हात वर करून, जावई दुसऱ्या कोपऱ्यात, ही केरसुणीचा दांडा लावून, सल्लागार मध्ये डोक्यानं आणि मी दाराजवळ. "एक, दोन, तीन," म्हणून तिनं आणि टेम्पोवाल्यानं कपाट ओढलं.

सगळं वजन आमच्यावर आलं. बाईचे दात सल्लागाराच्या कानापर्यंत आले. तो म्हणाला, "मी काय म्हणतो..." आणि पहिल्यांदाच पुढे त्याला काही सुचलं नाही. कपाट आडवं करून दारातून बाहेर गेलं. एक ओरखडा नाही.

मग प्रश्न आला की आता हात कोण सोडणार.

बाहेर टेम्पोवाला दोर बांधत होता, आम्ही आत पाच जण छत धरून उभे. वेल्डर म्हणाला त्याचं दुकान उघडं आहे. जावई म्हणाला तो धरतो अजून थोडा वेळ, पण त्याचा कोपरा खाली यायला लागला होता. ही म्हणाली, "गॅसवर दूध ठेवलंय," आणि केरसुणी मला देऊन गेली. मग वेल्डर गेला, त्याचा भाग मी खांद्यावर घेतला. जावयाला मीच जा म्हटलं, टेम्पोवर मागून कपाटाला कुणीतरी धरायला हवं होतं. सल्लागार कधी सटकला कळलंच नाही. डोकं अचानक जड झालं एवढंच.

मी एकटा उरलो. दोन हात, डोकं, खांदा आणि केरसुणी. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि मला एवढंच वाईट वाटलं की फाटकापर्यंत जाता येत नाही. कपाट जाताना बघायचं होतं.

मुलगी आत आली. वाकून.

"बाबा, सोडा."

"लावलेलं काढत नाही मी."

"काढू नका. नुसतं सोडा. कपाट गेलं ना आता बाहेर? मग हे कशासाठी धरलंय?"

तिनं माझा हात धरला आणि ओढलं. आम्ही दोघं दारात पडलो आणि मागे सगळं आलं. आधी दात, मग गाद्या, मग गोणपाटं, मग भुसा, आणि शेवटी थर्माकोल, हळूहळू. उंदीर आमच्यावरून उडी मारून गेला. सगळं पांढरंशुभ्र झालं होतं, दाणे तरंगत होते, आणि ती माझ्या शेजारी जमिनीवर बसून पोट धरून हसत होती. मला शीतगृहाचा मोठा दरवाजा उघडल्यावर येणारा वाफेचा लोट आठवला. शपथेवर सांगतो, एक क्षण गार वाटलं.

मग मी फाटकापर्यंत गेलो. टेम्पो वळेपर्यंत कपाट दिसत होतं.

मंगळवार, २ मे

हिनं आणि वेल्डरनं मिळून पत्र्याला वरून चुना मारला. मी शिडी धरली. आत बरंच सुसह्य झालंय, पण ते चुन्यामुळे की काल वारा सुटला म्हणून, हे एवढ्यात सांगता येणार नाही. काटा वीसवरच आहे. खाली मी सरळ उभा राहू शकतो, टोपी घालून.

गुरुवार, ४ मे

मुलीचा फोन. कपाट लागलं. जागा करायला दोन दिवस गेले म्हणाली, कारण झोपायच्या खोलीत बिल्डरनं भिंतभर कपाट आधीच करून दिलेलं होतं. ते तोडून काढलं आणि तिथे माझं ठेवलं.

मी फोन ठेवून हिला विचारलं, "काय गं, भिंतभर कपाट आधीपासून होतं, तर पोरीनं माझ्याकडे मागितलं कशाला?"

ही फ्रीजमधून लोणी काढत होती. पाठ माझ्याकडे. "असेल काहीतरी," म्हणाली. "जेवायला बसा."

बसलो. पण डोक्यातून जाईना. बरोबर उभं असलेलं कपाट माणूस तोडेल कशाला? जेवता जेवता लक्षात आलं. त्या बिल्डरच्या कपाटाचं दार नीट लागत नसणार.

माझं लागतं.